पाड्यावरची सामुदायिक सौरवीज: दीड वर्षाच्या वापरानंतरचा अनुभव

धडगाव तालुक्यातील आमच्या पाड्यावर एका धर्मादाय प्रतिष्ठानाच्या देणगीतून सौरवीज प्रकल्प उभा राहिला, त्याला आता दीड वर्ष होत आले. गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर घरांत दिवे लागले आणि आता दुसरी दिवाळी जवळ आली आहे. मी येथील जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे, पाड्यावरच राहतो, इतर घरांप्रमाणे दरमहा वीजबिल भरतो आणि वीज समितीच्या हिशेबाच्या वह्या तपासण्याचे काम माझ्याकडे आहे. शेजारच्या पाड्यांवरचे लोक आणि बाहेरून येणारे कार्यकर्ते नेहमी विचारतात की प्रकल्प खरोखर चालतो का. चालतो. मात्र तो कशाच्या जोरावर चालतो आणि कुठे अडतो, हे सविस्तर सांगितल्याशिवाय या उत्तराचा कोणाला उपयोग होणार नाही.

प्रकल्प तसा लहान आहे. शाळेमागच्या माळावर दहा किलोवॅटच्या सोलर प्लेटा आहेत आणि शेजारी पत्र्याच्या छपराची एक खोली आहे, जिच्यात इन्व्हर्टर आणि लेड-ॲसिड बॅटऱ्यांचा संच ठेवला आहे. तेथून निघालेल्या तारा चाळीसेक घरे, शाळा, अंगणवाडी, पिठाची गिरणी आणि वाटेवरच्या मोजक्या दिव्यांपर्यंत जातात. कडक उन्हाच्या दिवशी प्लेटांमधून चाळीसच्या आसपास युनिट वीज तयार होते. बॅटरीत साठवताना, इन्व्हर्टरमधून काढताना आणि तारांतून नेताना होणारी घट वजा केली की वापराला तीसच्या आसपास उरते. घराला दिवसाकाठी अर्धे युनिट, म्हणजे तीन-चार दिवे, एक पंखा, मोबाईलचे चार्जिंग आणि ज्यांच्याकडे आहे त्यांचा टीव्ही. शेगडी, इस्त्री आणि पाण्याचा हीटर लावायचा नाही असा ग्रामसभेचा ठराव आहे आणि तो पाळला जातो.

पावरा आणि भिल्ल समाजाची घरे गावठाणासारखी एकमेकांना लागून नसतात. प्रत्येक घर आपापल्या शेतात, टेकडीच्या उतारावर असते. त्यामुळे दहा किलोवॅटच्या प्रकल्पाला तारेचा खर्च मैदानी गावापेक्षा कितीतरी जास्त येतो आणि शेवटच्या घरापर्यंत विजेचा दाब (व्होल्टेज) टिकत नाही. सुरुवातीच्या महिन्यांत नाल्यापलीकडच्या घरांत संध्याकाळी पंखा जेमतेम फिरत असे. प्रतिष्ठानाच्या अभियंत्याने येऊन दाब मोजला, त्या फाट्यावरची केबल बदलून जाड टाकली आणि तक्रार मिटली. सर्वेक्षण करणाऱ्यांनी घरांची संख्या मोजली होती, घरांमधले अंतर मोजले नव्हते. डोंगरी भागात काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेने अंदाजपत्रक करण्याआधी दोन्ही मोजावे, ही माझी पहिली सूचना आहे.

सर्वांत मोठा फरक गिरणीने पडला, दिव्यांनी तेवढा नाही. दुर्गम घरांसाठी सरकारच्या सौभाग्य योजनेत २०० ते ३०० वॅटचा घरगुती सौरसंच देण्याची तरतूद होती: पाच एलईडी दिवे, एक पंखा आणि एक प्लग. एकट्या घराच्या उजेडाला तो पुरतो, पण त्यावर मोटर फिरत नाही. वीज एकत्र साठवली आणि एकत्र वापरली तरच गिरणी चालू शकते, आणि सामुदायिक प्रकल्पाचा खरा लाभ मला येथेच दिसतो. पूर्वी ज्वारी-मक्याचे दळण डोक्यावर घेऊन बायका घाट उतरून खालच्या गावात जात आणि त्यांचा अर्धा दिवस त्यात जाई. आता गिरणी पाड्यावरच आहे.

ती सुरळीत चालायला मात्र वेळ लागला. तीन हॉर्सपॉवरची मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, आणि त्या क्षणी इन्व्हर्टर बंद पडून सगळ्या पाड्याची लाईट जात असे. पुढे मोटरला हळूहळू वेग देणारा ड्राइव्ह बसवला, आणि गिरणीची वेळ सकाळी अकरा ते दुपारी तीन अशी बांधून दिली. आमच्या प्रकल्पाचा ऑपरेटर पाड्यावरचाच एक तरुण आहे. तो आधी बॅटरीच्या खोलीत जाऊन इन्व्हर्टरच्या पडद्यावर प्लेटांमधून किती किलोवॅट येत आहेत ते पाहतो, आभाळाकडे पाहतो आणि मगच गिरणीवाल्याला हाक देतो. ढग आला की दळण थांबते, पिशव्या भिंतीला ओळीने लागतात आणि ऊन परतले की पुन्हा सुरू होते. दळण थेट उन्हावर झाल्याने बॅटरीतली वीज रात्रीसाठी शिल्लक राहते. हे वेळापत्रक बायकांनी समितीत बसून ठरवले आहे, म्हणून ते मोडत नाही.

आता पैशाविषयी. प्रतिष्ठानाने प्लेटा, बॅटऱ्या, खांब आणि तारा दिल्या. पाड्याने जागा दिली आणि खड्डे खणण्यापासून खांब उभे करण्यापर्यंत श्रमदान केले. पण देणगीच्या करारात एक अट होती आणि त्या अटीसाठी मी या प्रतिष्ठानाचा मनापासून ऋणी आहे. पाड्याने स्वतःची विश्वस्त संस्था स्थापन करून तिची धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणी करायची, प्रत्येक घराने दरमहा स्थिर आकार आणि युनिटप्रमाणे बिल भरायचे, आणि हा सगळा पैसा पाड्याच्याच बँक खात्यात राहायचा. प्रतिष्ठान त्यातला एक रुपयाही नेत नाही. आमचा दर महिना शंभर रुपये स्थिर आकार आणि युनिटला पंधरा रुपये असा आहे. शहरातला घरगुती ग्राहक पहिल्या शंभर युनिटांना जो दर देतो त्यापेक्षा हा बराच जास्त आहे, आणि गरिबाने जास्त का द्यावे हा प्रश्न सभेत वारंवार निघतो. प्रश्न रास्त आहे. उत्तर बॅटरीच्या खोलीत आहे.

लेड-ॲसिड बॅटरी चांगली सांभाळली तर पाच ते सात वर्षे टिकते. ऑपरेटर दर आठवड्याला प्रत्येक सेलचे झाकण उघडून पाण्याची पातळी पाहतो, लागेल तेथे डिस्टिल्ड वॉटर घालतो, हायड्रोमीटरने आम्लाची घनता मोजून वहीत लिहितो. पूर्ण चार्ज झालेल्या सेलचा आकडा आमच्याकडे १.२४० च्या आसपास येतो. एखाद्या सेलचा आकडा सतत मागे पडू लागला की तो वेगळा काढून तपासावा लागतो. एवढे करूनही एक दिवस सगळा संच बदलावाच लागणार आहे, आणि आजच्या भावाने त्याला पाच-सहा लाख रुपये लागतील. ऑपरेटरचे मानधन आणि किरकोळ दुरुस्ती वजा जाता पाड्याच्या खात्यात वर्षाला लाखाच्या आसपास शिल्लक पडली तरच ती रक्कम वेळेत जमेल. पंधरा रुपयांचा दर या गणितातून आला आहे. गणित भिंतीवर लिहून ठेवल्यापासून थकबाकी कमी झाली.

देणगीचे प्रकल्प का बंद पडतात याचे कारणही याच ठिकाणी आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठराविक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि अनेक प्रतिष्ठानांचा निधी तेथूनच येतो. परंतु चालू प्रकल्प म्हणून दाखवलेले काम, सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून, तीन वर्षांच्या आत पूर्ण करावे लागते. बॅटरी दम सोडते सहाव्या-सातव्या वर्षी. तेव्हा देणगीदाराची फाईल कधीच बंद झालेली असते, उद्घाटनाचा फलक मात्र तसाच असतो.

बिहारच्या जहानाबाद जिल्ह्यातील धरनई गावात २०१४ मध्ये ग्रीनपीसच्या पुढाकाराने १०० किलोवॅटचा सौर मायक्रोग्रिड, म्हणजे गावापुरते स्वतंत्र वीजजाळे, सुरू झाला आणि त्याचा देशभर गाजावाजा झाला. पुढे स्वस्त सरकारी वीज गावात पोहोचली, बॅटऱ्या निकामी झाल्या आणि प्रकल्प बंद पडला. उलट आपल्याच जुन्नर तालुक्यातील दरेवाडीत ग्रामऊर्जा या पुण्याच्या कंपनीने बॉश सोलरच्या अर्थसाहाय्यातून २०१२ मध्ये जो मायक्रोग्रिड उभारला, तो चाळीसेक घरांचाच होता, आणि तेथे सुरुवातीपासून गावाची विश्वस्त संस्था, मीटर आणि वीजबिल ही पद्धत होती. आमच्या प्रकल्पाची घडण त्याच धर्तीची आहे. याला कायद्याचाही आधार आहे: विद्युत कायदा २००३ च्या कलम १४ नुसार राज्याने अधिसूचित केलेल्या ग्रामीण भागात वीज तयार करून वाटणाऱ्याला परवाना लागत नाही.

धडगावच्या लोकांना सामुदायिक विजेची कल्पना नवी नाही, हे बाहेरून येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. याच तालुक्यातील बिलगावला २००३ मध्ये उदय नदीच्या धबधब्यावर १५ किलोवॅटचा छोटा जलविद्युत प्रकल्प उभा राहिला होता. केरळहून आलेल्या तरुण अभियंत्यांचे ज्ञान, बाहेरच्या हितचिंतकांची देणगी आणि आदिवासींचे श्रमदान यांतून तो झाला आणि २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या फुगवट्यात बुडाला. त्या धरणाच्या १४५० मेगावॅट क्षमतेच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के आहे आणि नंदुरबार जिल्ह्यातील ३३ गावे त्याच्या बुडिताखाली आली. ज्या डोंगरांनी या विजेसाठी जमिनी गमावल्या, त्यांच्याच पाड्यांवर इतकी वर्षे रॉकेलची चिमणी जळत राहिली. म्हणून प्रतिष्ठानाच्या माणसांनी आमच्या सभेत "मदत" हा शब्द वापरला तेव्हा एका वयस्क पावरा शेतकऱ्याने शांतपणे सांगितले, "ही मदत नाही, आमची बाकी आहे." ते वाक्य मी सभेच्या इतिवृत्तात जसेच्या तसे लिहिले आहे.

दीड वर्षात सर्वांत जास्त त्रास पावसाळ्याने दिला. जुलै-ऑगस्टमध्ये सातपुड्यावर ढग बसले की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, आणि उत्पादन निम्म्याखाली येते. नेमके याच काळात सगळी माणसे शेतीसाठी पाड्यावर असतात, म्हणजे मागणी वर्षात सर्वांत जास्त असते. दिवाळीनंतर चित्र पालटते. निम्मी कुटुंबे दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात, घरांना कुलपे लागतात, आणि स्वच्छ उन्हाच्या त्या दिवसांत बॅटऱ्या दुपारीच भरून पुढची वीज वाया जाते. माणसे असतात तेव्हा ऊन नाही, आणि ऊन असते तेव्हा माणसे नाहीत. ही अडचण कोणत्याही सॉफ्टवेअरच्या अंदाजात दिसली नव्हती, कारण स्थलांतराचा रकाना त्यात नव्हताच.

समितीने आपल्या परीने मार्ग काढले आहेत. पावसाळ्यात सलग तीन दिवस ऊन नसेल तर टीव्ही बंद, रात्री दहानंतर वाटेवरचे दिवे बंद आणि गिरणी फक्त आठवड्याच्या बाजाराआधी. आशाताईंच्या घराची आणि अंगणवाडीची वीज मात्र कोणत्याही परिस्थितीत तोडायची नाही. स्थलांतरित कुटुंबांना त्या महिन्यांचा स्थिर आकार निम्मा केला आहे, कारण कुलूपबंद घराचे बिल साठत गेले तर माणूस परत आल्यावर जोडणीच सोडून देतो. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात उरणाऱ्या विजेचा विषय अजून सुटायचा आहे. हा तालुका आमचुरासाठी ओळखला जातो. एप्रिल-मेमध्ये घरोघरी कैऱ्या सोलून, कापून दगडांवर वाळवतात आणि वाळलेल्या फोडी व्यापाऱ्याला विकतात. फोडींची भुकटी येथेच दळली तर भाव चांगला मिळेल, आणि दुपारची वाया जाणारी वीज त्याला पुरेल. दळणयंत्रासाठीचा अर्ज आम्ही प्रतिष्ठानाला दिला आहे.

प्रतिष्ठानाबद्दल माझी एकच गंभीर तक्रार आहे आणि ती दुरुस्तीची. या वर्षी ऑगस्टमध्ये वीज कडाडली आणि इन्व्हर्टरचे कार्ड जळाले. ज्या कंपनीशी प्रतिष्ठानाने देखभालीचा करार केला होता तिचा तंत्रज्ञ दूरच्या शहरातून यायचा होता; रस्ता खचला होता, सुटा भाग उपलब्ध नव्हता, आणि पाडा जवळजवळ तीन आठवडे अंधारात राहिला. आमचा ऑपरेटर कार्ड स्वतः बदलू शकला असता, तेवढे प्रशिक्षण त्याला मिळाले आहे, पण जादा कार्ड पाड्यावर ठेवलेले नव्हते आणि सील तोडले तर हमी रद्द होईल असे सांगण्यात आले. दोन-तीन अत्यावश्यक सुटे भाग प्रकल्पाच्या खोलीतच ठेवावेत आणि ऑपरेटरला ते बसवण्याचा लेखी अधिकार द्यावा, अशी आमची मागणी आहे. वीज वाहिनीला चांगला अर्थिंग आणि सर्ज संरक्षण (अचानक वाढलेल्या विजेच्या दाबापासून बचाव) देण्याचे काम त्यानंतर झाले, ते आधीच व्हायला हवे होते.

महावितरणचे खांब खालच्या गावापर्यंत आले आहेत आणि कधीतरी ते वरही येतील. तेव्हा काय करायचे याचा विचार आम्ही आत्ताच सुरू केला आहे. लोकांना दोन्ही जोडण्या घेता याव्यात, गिरणी आणि शाळा सौरविजेवरच राहावी, आणि खात्यात जमलेला बॅटरीचा निधी कोणी वाटून घेऊ नये, असा ठरावाचा मसुदा तयार आहे. ज्या पाड्यांना असा प्रकल्प देऊ केला जात आहे त्यांनी सही करण्याआधी पैसे कोणाच्या खात्यात राहणार, बॅटरी बदलण्याचा खर्च कोण आणि कशातून करणार, आणि पावसाळ्यात प्रकल्प बंद पडला तर किती दिवसांत माणूस येणार, ही तीन उत्तरे कराराच्या कागदावर लिहून घ्यावीत. आमच्या करारात पहिली दोन होती. तिसऱ्यासाठी समितीचे पत्र गेले आहे, आणि पुढच्या ग्रामसभेत प्रतिष्ठानाचा प्रतिनिधी सुधारित करार घेऊन येणार आहे.