टच पूल की ओहोटीचे खडक? मुलांना मासे दाखवायला गोव्यात कुठे न्यायचं

डिसेंबरात घरी पाहुणे आले की हा विषय निघतोच. मुलांना मासे बघायचेत, आणि पर्याय दोन. एक म्हणजे टुरिस्ट पट्ट्यातलं छोटं अ‍ॅक्वेरियम, जिथे तिकीट काढून उथळ टाकीतल्या (टच पूलमधल्या) माशाला हात लावायला मिळतो, खायला घालता येतं, फोटो निघतो. दुसरा म्हणजे हणजूण-वागातोरकडचे खडक, जिथे पाणी ओसरलं की डबक्यात जे राहतं ते फुकट बघायचं. माझं मत आधीच सांगते, जमत असेल तर खडक.

अ‍ॅक्वेरियमची सोय मोठी आहे हे मान्यच. गुडघे दुखणारी आजी, कडेवरचं बाळ, जूनचा पाऊस, काही असलं तरी अडत नाही. काचेजवळ नाक लावून मूल मासा डोळे भरून बघतं, तेही चांगलंच. माझी काळजी आहे ती हात लावण्याची. माशाच्या अंगावर जो बुळबुळीत थर असतो तो त्याला जंतूंपासून वाचवतो, आणि आपण कोरड्या हाताने, त्यावर सनस्क्रीन नाहीतर सॅनिटायझर लावलेलं, एकामागोमाग एक तो घासत राहतो, सुट्टीच्या दिवशी तर दिवसभर. पाकट हा तळाशी वाळूत अंग पुरून बसणारा मासा, त्याला उथळ, वाळू नसलेल्या टाकीत ठेवलं तर तो लपणार कुठे? शिवाय टाकी जेवढी छोटी तेवढं पाणी लवकर बिघडतं, कारण माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो आणि तो पचवणारे बॅक्टेरिया फिल्टरमध्ये असतात, त्यांचीही मर्यादा असते. आणि आपल्याकडे वीज गेली की पंप बंद, गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी, त्यामुळे बॅकअप नसेल तर हाल मुक्या जिवांचे.

कोणीतरी म्हणतंच की आपण रोज हुमण-भात खाणारी माणसं, आपल्याला कसली माशांची दया. मी पण खाते. पण पोटासाठी मारणं वेगळं आणि फोटोसाठी रोज छळत जिवंत ठेवणं वेगळं, या दोन गोष्टी मला एका तराजूत घालता येत नाहीत.

आता खडक. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी खूप आत जातं, त्या दिवसांतली उजेडातली ओहोटी धरायची, आणि वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते म्हणून भरती-ओहोटीचा तक्ता बघूनच निघायचं. डबक्यात शंख पाठीवर घेऊन पळणारे खेकडे, हात पसरलेली समुद्रफुलं, दगडाला चिकटलेली कालवं, बोटाएवढे मासे जे सावली पडली की सुळकन दगडाखाली जातात. जाऊ शकतात, हाच तर फरक आहे! मूल तिथे उकिडवं बसून थांबायला शिकतं. अडचणीही आहेत, शेवाळावरून पाय घसरतो, कालवांच्या कडा कापतात, म्हणून चांगले बूट हवेत, लाटांकडे पाठ करायची नाही आणि पावसाळ्यात अजिबात जायचं नाही. काहीच दिसलं नाही असंही होतं, मुलांना तसं आधी सांगून ठेवा.

आणि खडकांवर गेलो म्हणजे आपण निर्दोष, असं नाही हं. दगड उलटा करून तसाच टाकला की खालचे जीव उन्हात मरतात, बाटलीत भरलेला खेकडा घरी पोचेपर्यंत टिकत नाही.

तरी अ‍ॅक्वेरियमलाच जायचं ठरलं तर तिकिटाच्या खिडकीवर विचारा: प्राणी कुठून आणले, वीज गेल्यावर काय करता, टच पूलमधले प्राणी आळीपाळीने विश्रांतीला काढता का, मुलांजवळ कोणी उभं असतं का. आत मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील, पर फाटलेले असतील, पाकट सतत भिंतीला धरून पाण्याबाहेर डोकं काढत असेल, तर बाहेर पडा. समुद्री कासव किंवा समुद्रघोडा हाताळायला दिला तर तर मुळीच थांबू नका, दोन्हींना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, सरळ वनखात्याला कळवा. डॉल्फिनचे खेळ 2013 पासून देशात बंद आहेतच. आजीसोबत गेलात तर काचेच्या टाक्या निवांत बघा, टच पूलची रांग मात्र सोडा, आणि मुलांना त्याचं कारण तिथेच, माशांसमोर सांगा, त्यांना मोठ्यांपेक्षा लवकर पटतं.