टाइप-सी हब, २७ इंची मॉनिटर आणि अपडेटनंतरचा बुधवार : आठ महिन्यांच्या वापरानंतर

विंडोज अपडेटनंतर बाहेरचा मॉनिटर बंद पडतो किंवा नीट दिसत नाही, त्यावरचे हे अनुभव. आधी सामान सांगतो, म्हणजे पुढचं कुणाला किती लागू पडेल ते कळेल. १५.६ इंची लॅपटॉप, विंडोज ११, इंटेलचं इनबिल्ट ग्राफिक्स आणि सोबत एनव्हिडियाचं वेगळं कार्ड. बाहेर काढलेलं एक एचडीएमआय पोर्ट, एक टाइप-सी. मॉनिटर २७ इंची, फोर-के, ६० हर्ट्झ (सेकंदाला ६० चित्रं). मध्ये एक सात पोर्टांचा टाइप-सी हब (एका टाइप-सीतून बाकीची पोर्टं काढून देणारी डबी) आणि २ मीटरची एचडीएमआय केबल. हबच्या कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण सर्किटची तीच पाटी आत असलेले हब चार वेगवेगळ्या स्टिकरखाली विकले जातात. जागा कोथरूड, वापर रोज आठ-नऊ तास.

मॉनिटरबद्दल तक्रार नाही. पॅनल चांगलं आहे, स्टँड थोडा हलतो, एवढंच. खरी परीक्षा होते ती अपडेटनंतर. मायक्रोसॉफ्टचं मासिक अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतं, आपल्या घड्याळानं रात्री साडेदहाला, अमेरिकेतल्या हिवाळ्यात साडेअकराला. म्हणजे इथे बुधवारी सकाळी कामाला बसताना कळतं की मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ तरंगतंय. पण ग्राफिक्सचा ड्रायव्हर (ग्राफिक्सची चिप चालवणारं सॉफ्टवेअर) त्या वेळापत्रकाला बांधलेला नसतो. तो अधूनमधून गुपचूप उतरतो, म्हणून ‘काल तर काही अपडेट झालंच नाही’ या आठवणीवर विसंबू नका. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, त्यात अपडेट हिस्टरी उघडा. तिथे क्वालिटी अपडेट्स आणि ड्रायव्हर अपडेट्स असे वेगळे रकाने असतात. ड्रायव्हरच्या रकान्यात इंटेल, एनव्हिडिया किंवा एएमडीच्या नावापुढे ‘डिस्प्ले’ असं लिहिलेली ताजी नोंद दिसली तर संशयित सापडला.

सोप्या गोष्टी आधी. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबा. स्क्रीन क्षणभर काळी होते, बारीक ‘टुक’ वाजतं, ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो. उघडलेल्या फायलींना धक्का लागत नाही. मग विंडोज आणि पी दाबून ‘एक्स्टेंड’ निवडलंय ना ते बघा. अपडेटनंतर ते कधीकधी ‘पीसी स्क्रीन ओन्ली’वर जाऊन बसतं. त्यानंतर रीस्टार्ट. शटडाउन करून पुन्हा चालू करणं आणि रीस्टार्ट या दोन गोष्टी एक नाहीत. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये सिस्टीमचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि सकाळी तसाच उचलला जातो, बिघडलेल्या ड्रायव्हरसकट. रीस्टार्टमध्ये तसं होत नाही.

मॉनिटरची वीजही तोडा, पण त्याच्या बटणानं नाही. बटणानं तो फक्त स्टँडबायला जातो आणि आतली इनपुटची चिप जागीच राहते. बोर्डावरचं बटण बंद करा आणि एचडीएमआय केबलही उपसा, कारण त्या केबलमधून लॅपटॉपचे ५ व्होल्ट मॉनिटरपर्यंत पोचत असतात. एक मिनिट थांबा. आधी मॉनिटर चालू करा, मग केबल लावा. लॅपटॉप-मॉनिटरची अडकलेली ओळख-पाळख बऱ्याचदा एवढ्यानं सुटते.

नाही सुटली तर दुकानाकडे धाव घेण्याआधी एक गोष्ट शोधून काढा: कोणतं पोर्ट कोणत्या चिपला जोडलेलं आहे. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात याहून मोलाची माहिती नाही, आणि ती लॅपटॉपच्या खोक्यावर कुठेही लिहिलेली नसते. दोन ग्राफिक्स असलेल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एचडीएमआय थेट एनव्हिडियाच्या कार्डाला जोडलेलं असतं आणि लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन इंटेलवर चालते. टाइप-सी कधी इकडे, कधी तिकडे. त्यामुळे एनव्हिडियाचा ड्रायव्हर बिघडला तरी लॅपटॉपची स्क्रीन ठणठणीत असते आणि फक्त बाहेरचा मॉनिटर मेलेला दिसतो. माणूस साहजिकच केबलला शिव्या देतो.

मॉनिटर धड चालू असताना हे बघून ठेवायचं. सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले. वरच्या यादीतून बाहेरचा मॉनिटर निवडा. त्याच्या नावाखाली तो कोणत्या ग्राफिक्सला जोडलाय ते लिहिलेलं असतं. एकदा एचडीएमआयमधून बघा, एकदा टाइप-सीमधून, आणि चिठ्ठी लिहून मॉनिटरच्या पाठीला चिकटवा. इथे निघालं ते असं: एचडीएमआय एनव्हिडियावर, टाइप-सी इंटेलवर. अपडेटनंतर एक वाट बंद आणि दुसरी चालू असेल तर मॉनिटर निर्दोष ठरतो आणि दोषी ड्रायव्हरचं नावही कळतं. दोन्ही बंद असतील तरच मॉनिटर, त्याचं इनपुट सिलेक्शन आणि केबल यांच्याकडे वळायचं.

आता डिव्हाइस मॅनेजर. डिस्प्ले ॲडाप्टर्स उघडल्यावर ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडाप्टर’ दिसला, तर खरा ड्रायव्हर उडालाय आणि विंडोज कामचलाऊ ड्रायव्हरवर रेटतंय. त्यात दुसरा मॉनिटर दिसत नाही, ब्राइटनेस हलत नाही. कार्डाचं नाव आहे पण पिवळा त्रिकोण आणि कोड ४३ असेल, तर ड्रायव्हर आहे पण कार्ड सुरू होताना अडखळतंय. दोन्हीत पहिला उपाय एकच: प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, रोल बॅक ड्रायव्हर. बटण फिकट असेल तर जुनी प्रत शिल्लक नाही. मग लॅपटॉपच्या खालच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवा. इंटेल-एनव्हिडियाचा सरसकट ड्रायव्हर नवा असतो खरा, पण लॅपटॉप कंपनीनं पोर्टांच्या जोडणीसाठी केलेले बारीक बदल त्यात असतीलच असं नाही.

इथे बहुतेकांचं एक चुकतं. जुना ड्रायव्हर टाकतात, मॉनिटर येतो, चहा होतो आणि तासाभरात विंडोज तोच नवा ड्रायव्हर परत आणून बसवतं. म्हणून क्रम पाळा. ड्रायव्हरची फाइल आधी उतरवून ठेवा. वायफाय बंद करा. डिव्हाइस मॅनेजरमधून अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हर काढून टाकण्याच्या चौकटीत खूण करा. रीस्टार्ट, मग उतरवलेली फाइल चालवा. एनव्हिडियात कस्टम निवडून ‘क्लीन इन्स्टॉलेशन’वर खूण. वायफाय परत चालू करण्यापूर्वी अपडेट पॉज करायची सोय कशी आहे ते पाहून ठेवा आणि चालू केल्याबरोबर पॉज करा. ‘शो ऑर हाइड अपडेट्स’ नावाचं मायक्रोसॉफ्टचं जुनं छोटं टूल मिळालं आणि चाललं, तर त्यात तो एकच ड्रायव्हर लपवता येतो. प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसीतून अपडेटबरोबर ड्रायव्हर न घेण्याची सोय आहे. होम आवृत्तीत नाही. वर्षाकाठी येणारं मोठं अपडेट असेल तर रिकव्हरीत ‘गो बॅक’ मिळतं, पण फक्त १० दिवस. अकराव्या दिवशी आठवण झाली तर उपयोग नाही.

‘फॉरमॅट मारावं लागेल’ हे वाक्य दुकानात हमखास ऐकू येतं. या दुखण्याला फॉरमॅट बहुतेक वेळा लागत नाही. शिवाय फॉरमॅटनंतर विंडोज अपडेट तोच ड्रायव्हर पुन्हा आणतं.

आता हब, कारण याच्याबद्दलच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. टाइप-सीमध्ये वेगाच्या चार लेन, म्हणजे माहिती जायच्या वाटा, असतात. हबवर निळ्या यूएसबी ३ पोर्टांची सोय असेल तर दोन लेन त्यांना जातात, चित्रासाठी दोन उरतात. लॅपटॉपचं पोर्ट डिस्प्लेपोर्ट (टाइप-सीतून चित्र पाठवायची पद्धत) १.२ च्या वेगाचं असेल तर दोन लेनमधून सेकंदाला ८.६४ गिगाबिट प्रत्यक्ष चित्र जातं. फोर-के ६० हर्ट्झला साडेबारा ते तेरा लागतात. मावत नाही, म्हणून ३० हर्ट्झवर येतं. त्याला सव्वासहा पुरतात. डिस्प्लेपोर्ट १.४ च्या वेगानं दोन लेनमधून १२.९६ मिळतात, म्हणजे फोर-के ६० काठोकाठ बसतं. या काठोकाठमध्येच गोम आहे. अपडेटनंतर नव्या ड्रायव्हरला वरच्या वेगाचा सिग्नल खात्रीचा वाटला नाही तर तो खालच्या वेगावर उतरतो आणि कालपर्यंत ६० असलेला मॉनिटर आज ३० दाखवतो. माउसचा बाण चिखलातून ओढल्यासारखा चालायला लागला की ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये रिफ्रेश रेट बघा. यादीत ६० असेल तर निवडून मोकळे व्हा. यादीतच नसेल तर हबची पिन काढून, उलटी करून लावा. टाइप-सी दोन्ही बाजूंनी बसते, पण दोन्ही बाजूंना वेगळे संपर्क वापरले जातात. उलटी केल्यावर ६० परत आलं तर अपडेटचा दोष नाही, पोर्टात कचरा आहे किंवा संपर्क झिजलेत. या हबचं सहाव्या महिन्यात नेमकं हेच झालं. टोकदार लाकडी काडीनं, लॅपटॉप बंद करून, पोर्टातली बुरशीसारखी दाबली गेलेली धूळ काढल्यावर थांबलं.

हब तापतोही. एप्रिलमध्ये खिडकीशेजारी, चार्जर त्यातूनच, वर पेन ड्राइव्ह, असं असताना मॉनिटर दोन सेकंद काळा होऊन परत येतो. चार्जर थेट लॅपटॉपला लावला की कमी होतं.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे मॉनिटर चालू असतो, ६० हर्ट्झही असतं, पण अक्षरं ‘कशीतरी’ दिसतात. मराठी मजकुरात हे लगेच उघडं पडतं. काळ्या पार्श्वभूमीवर लाल किंवा निळ्या रंगात ‘श्री’, ‘क्ष’, ‘सूर्य’, ‘र्‍हस्व’ असं लिहा आणि जवळून बघा. शिरोरेषेला दोन्ही बाजूंनी रंगाचा धूसर पदर दिसतो, रफाराचा आकडा शिरोरेषेत विरघळतो. पांढऱ्यावर काळ्या मजकुरात ते तितकं जाणवत नाही. कारण बहुधा असं: अपडेटनंतर एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणारी सोय) आपोआप चालू झालेलं असतं. एचडीआरला १० बिट रंग लागतात, आणि फोर-के ६० हर्ट्झला १० बिटचं पूर्ण आरजीबी एचडीएमआय २.० च्या १८ गिगाबिटमध्ये मावत नाही. मग ड्रायव्हर बऱ्याचदा रंगाची माहिती निम्मी करून पाठवतो, ४:२:२. ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये ‘कलर फॉरमॅट’समोर आरजीबीऐवजी वायसीबीसीआर दिसलं तर हेच. विंडोज, ऑल्ट आणि बी दाबून एचडीआर बंद करा, फॉरमॅट आरजीबीवर येतं. काळा रंग राखाडी आणि सगळंच फिकं दिसत असेल तर दुखणं वेगळं. तिथे एनव्हिडियाच्या पॅनलमध्ये ‘आउटपुट डायनॅमिक रेंज’ लिमिटेडवरून फुलवर न्यायची. इंटेलमध्ये तिलाच ‘क्वांटायझेशन रेंज’ म्हणतात.

स्केलिंग १५० टक्क्यांवरून हललेलं असेल तर परत करा, त्यात काही विशेष नाही.

केबल घ्यायची वेळ आलीच तर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत ढीग आहेत, पण ‘फोर-के’ एवढंच छापलेल्या केबलवर जाऊ नका. ३० हर्ट्झचं फोर-केसुद्धा फोर-केच. ‘प्रीमियम हाय स्पीड’ म्हणजे १८ गिगाबिट, ‘अल्ट्रा हाय स्पीड’ म्हणजे ४८, आणि दोन्हींच्या खोक्यावर स्कॅन करून पडताळता येणारं लेबल असतं. २ मीटरच्या पुढे नको. एचडीएमआय ते डिस्प्लेपोर्टची केबल एकाच दिशेनं चालते, हे दुकानात दोनदा विचारून घ्या.

अपडेटवर उगाच आळ येतो असेही प्रसंग आहेत. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, मॉनिटर बंद पडतो, आणि वीज आल्यावर काही मॉनिटर चुकीच्या इनपुटवर जागे होतात. बुधवारी अपडेट झालेलं असतंच, त्यामुळे दोष त्याच्या माथी. इन्व्हर्टरवर मॉनिटर असेल तर मागचा खटका ‘यूपीएस’ मोडवर आहे का बघा. नॉर्मल मोडमध्ये वीज बदलताना मॉनिटर झपकन बंद होतो. आणि हे थट्टा वाटेल, पण डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत गॅसच्या दांड्याच्या खुर्चीवरून उठताना स्थिर विजेची ठिणगी उडते आणि मॉनिटर सेकंदभर काळा होतो. उठल्यावरच होतं का, एवढं पाहा.

हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांचा लॅपटॉप असेल तर ॲडमिनचे हक्क नसतात, त्यामुळे यातलं निम्मं आयटीवाल्यांनाच करावं लागेल. तिकीट टाकताना ‘मॉनिटर चालत नाही’ असं लिहू नका. ‘एचडीएमआयवर बंद, टाइप-सीवर चालू, अमुक तारखेला डिस्प्ले ड्रायव्हर बदलला’ असं लिहा. बायोस अपडेट सुचवलं तर आधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) तात्पुरतं थांबवा किंवा ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी ठेवा. नाहीतर मॉनिटर बाजूला राहील आणि लॅपटॉपच उघडणार नाही.

मॅकवाल्यांसाठी थोडक्यात: डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ऑप्शन कळ दाबून धरली की ‘डिटेक्ट डिस्प्लेज’चं बटण दिसतं. साध्या एम१ आणि एम२च्या मॅकबुकवर बाहेरचा एकच मॉनिटर चालतो. दोन एचडीएमआयच्या साध्या हबमधून दोन्हीवर एकच चित्र येतं, तो बिघाड नाही. लिनक्सवर नवा कर्नल आल्यावर मॉनिटर गेला तर ग्रबच्या ॲडव्हान्स्ड पर्यायातून जुना कर्नल उचला. तिथे चालला तर एनव्हिडियाचं मॉड्यूल नव्या कर्नलसाठी तयारच झालेलं नाही किंवा सिक्युअर बूटनं ते अडवलंय.

आज पुन्हा घ्यायचं झालं तर मॉनिटर हाच, हब मात्र नाही. ज्यांचं काम एक्सेल, कोड आणि मजकूर एवढंच आहे त्यांनी २५६० बाय १४४० चा मॉनिटर घ्यावा. ६० हर्ट्झला त्याला सहा गिगाबिटही लागत नाहीत, स्वस्त हबमधूनही आरामात चालतो. फोर-केच हवा असेल तर टाइप-सी थेट लागणारा, चार्जिंगही देणारा मॉनिटर बघा, म्हणजे मधला हबच जातो. मात्र घेण्याआधी लॅपटॉपचं टाइप-सी पोर्ट चित्र देतं का ते तपासा. शेजारी ‘डीपी’ची किंवा विजेच्या बाणाची (थंडरबोल्टची) खूण असते, आणि ती नसेल तर मॉडेलच्या माहितीपत्रकात ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ हे शब्द शोधा.