अबार्थ पुंटो, पोलो टीएसआय की ऑक्टाव्हिया आरएस? सेकंडहँड घेण्याआधी

नव्या गाडीच्या शोरूममध्ये फिरून आलात, मोठी टचस्क्रीन पाहिली, सनरूफ पाहिलं, पण स्टिअरिंग हातात घेतल्यावर काहीच वाटलं नाही. मग जुन्या, चालवायला मजा येणाऱ्या गाड्यांच्या जाहिराती चाळायला लागलात. पुण्या-मुंबईकडे अशा शोधात तीन नावं हमखास समोर येतात: फियाटची अबार्थ पुंटो, फोक्सवॅगनची पोलो टीएसआय (म्हणजे टर्बो पेट्रोल इंजिनवाली) आणि खिसा बराच मोठा असेल तर स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस २३०. तिन्ही आता नव्या मिळत नाहीत. कोणती वेगवान, हे कागदावर दोन मिनिटांत कळतं. पाच वर्षांनी कोणती अजून दारात उभी असेल आणि चालू असेल, तो प्रश्न अवघड आहे आणि माझ्या मते निर्णय त्यावरच व्हायला हवा.

आधी कागदावरचं उरकून घेऊ. अबार्थ पुंटो ऑक्टोबर २०१५मध्ये आली, दिल्ली एक्स-शोरूम ९.९५ लाखांना. १.४ लिटरचं टी-जेट टर्बो पेट्रोल इंजिन, ताकद १४५ पीएस, टॉर्क म्हणजे ओढ २१२ एनएम, पाच गिअरचा मॅन्युअल बॉक्स, चारही चाकांना डिस्क. ० ते १०० ताशी किमी ८.८ सेकंदांत, हा कंपनीचा दावा. पोलो जीटी टीएसआय त्याआधीची, २०१३ची: १.२ लिटर, १०५ पीएस, १७५ एनएम आणि सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. तिचा दावा ९.७ सेकंदांचा. २०२०मध्ये प्रदूषणाचे बीएस६ नियम आल्यावर तिच्या जागी १.० लिटरचं तीन सिलिंडरचं टीएसआय आलं, ११० पीएसचं. ऑक्टाव्हिया आरएस २३० या दोघींच्या पंगतीत बसतच नाही. २ लिटर, २३० पीएस, ३५० एनएम, ६.८ सेकंद. २०१७मध्ये ती २४.६२ लाखांना आली होती.

म्हणजे पुंटो पोलोपेक्षा जवळजवळ एक सेकंद पुढे. पण हा सेकंद तुम्हाला ताम्हिणीत मिळतो, सिंहगड रोडवर नाही.

अबार्थ पुंटो: कंपनी गेली, गाडी राहिली

महाराष्ट्राचं फियाटशी नातं फार जुनं आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनलेल्या पद्मिनीने मुंबईची टॅक्सी म्हणून कित्येक दशकं काढली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली. आपल्याकडची कितीतरी माणसं पद्मिनीला आयुष्यभर नुसती ‘फियाट’च म्हणत आली. नंतरची पुंटो आणि लिनिया पुण्याजवळ रांजणगावला बनल्या. त्याच काळात मारुतीच्या स्विफ्ट डिझेलमध्ये फियाटचंच १.३ मल्टीजेट धडधडत होतं आणि लाखोंनी खपत होतं. लोकांना फियाटचं इंजिन हवं होतं, फियाटची गाडी नको होती. याचं मुख्य कारण विक्रीनंतरची सेवा. बरीच वर्षं फियाटच्या गाड्या टाटाच्या शोरूममधून विकल्या गेल्या, मग २०१२च्या सुमारास वाटा वेगळ्या झाल्या, आणि स्वतःचं डीलरांचं जाळं पुरेसं उभं राहिलंच नाही. बीएस६साठी या गाड्यांवर पुन्हा खर्च करायचा नाही असं ठरलं आणि पुंटो-लिनिया संपल्या. रांजणगावचा कारखाना आज जीपच्या गाड्या बनवतो.

मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण पुंटोचं स्टिअरिंग ही आजच्या कोणत्याही नव्या हॅचबॅकमध्ये न मिळणारी गोष्ट आहे. ते हायड्रॉलिक आहे. हलक्या हातांनी वळत नाही, पार्किंगमध्ये खांदे दुखवतं, पण ऐंशीच्या पुढे चाकाखाली खडी आहे, ओला डांबर आहे की पॅच मारलेला रस्ता, हे तळव्याला कळतं. अबार्थमध्ये त्याला टर्बोची जोड मिळाली. दोन हजार आरपीएमच्या खाली गाडी सुस्त वाटते, मग एकदम ओढ लागते. पावसात घाटातल्या हेअरपिनमधून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबलात, तर पुढची चाकं फिरतात आणि स्टिअरिंग एका बाजूला खेचलं जातं. घसरणारी गाडी आपणहून सावरणारी यंत्रणा, ईएसपी, या गाडीत नाही. सावरायचं ते तुमच्याच हातांनी आणि पायांनी. ज्यांना हे आवडतं त्यांना दुसरं काही पटत नाही. नवशिक्या मुलाच्या हातात मात्र ही किल्ली देऊ नका.

त्रास कुठे? बसायची पद्धत विचित्र आहे, पायाशी जागा अडचणीची, क्लच जड. ग्राउंड क्लिअरन्स १५५ मिमी, म्हणजे गावातले काही स्पीडब्रेकर तिरके घालूनच पार करावे लागतात. प्लास्टिक खडखडतं, लिंक रॉड आणि बुश वेळोवेळी बदलावे लागतात. पण हे सगळं साधं काम आहे. सस्पेन्शनचे बरेच भाग साध्या पुंटो आणि लिनियाशी मिळतेजुळते, इंजिन लिनिया टी-जेटच्या घराण्यातलं. इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, म्हणजे आतले भाग एका तालात ठेवणारा पट्टा. तो कधी बदलला याची पावती मालकाकडे नसेल, तर बदललाच नाही असं धरा आणि तेवढा खर्च भावातून कमी करा.

खरी पंचाईत अपघातानंतर. अबार्थचे खास बंपर, अलॉय, हेडलाइट, काच यांसाठी महिनोन्‌महिने थांबायची तयारी हवी. फियाटचं नाव आता स्टेलांटिस या मोठ्या वाहन कंपनीच्या छत्राखाली आहे आणि भारतात त्या घरातली जीपची वर्कशॉप आहेत, पण जुन्या पुंटोकडे प्रत्येक ठिकाणी सारखंच लक्ष दिलं जाईल असं समजू नका. म्हणून पुंटो बघायला जाण्याआधी तिचा गॅरेजवाला शोधा. फियाटची नस ओळखणारा, भाग कुठून येतात हे माहीत असलेला माणूस तुमच्या शहरात नसेल, तर भाव कितीही चांगला असला तरी सोडून द्या.

पोलो: कंपनी आहे, तरी डोळे उघडे ठेवा

पोलो चाकणची. २०१०पासून २०२२पर्यंत विकली गेली, त्यामुळे तिचे भाग, तिचे फिटर, तिचे चाहते, सगळं भरपूर. २०१४मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक चाचणीत दोन एअरबॅगवाल्या पोलोला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले होते आणि एअरबॅग नसलेलीला शून्य. जीटी टीएसआयमध्ये ईएसपीही होतं. दरवाजा बंद केल्यावरचा तो जाड आवाज, शंभरच्या वेगाला जमिनीला चिकटून राहणं, यामुळे आजही लोक तिच्या प्रेमात पडतात. मागे तीन मोठी माणसं मात्र बसवू नका.

१.२ जीटी टीएसआय घेत असाल तर सगळा जीव गिअरबॉक्समध्ये अडकलेला आहे. सात गिअरच्या या डीएसजीला गाडीवेडे डीक्यू२०० या त्याच्या अंतर्गत नावानेच ओळखतात. त्यात दोन क्लच आहेत, आणि ते कोरडे, म्हणजे तेलात बुडालेले नाहीत. मोकळ्या रस्त्यावर याच्यासारखी मजा नाही, गिअर कधी बदलला ते कळतही नाही. पण चांदणी चौकाच्या चढावर रेंगाळणाऱ्या रांगेत गाडी इंच-इंच सरकते, तेव्हा क्लच अर्धवट लागत राहतो आणि तापतो. त्याच्या जोडीला मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअरबॉक्सचा मेंदू आणि हायड्रॉलिक पंप एकत्र. ते बिघडलं की डॅशबोर्डवरचं गिअरचं चिन्ह लुकलुकायला लागतं आणि अनेकदा फक्त सम किंवा फक्त विषम गिअर उरतात. वॉरंटी संपलेल्या गाडीत याचं बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं. २०१३मध्ये याच गिअरबॉक्सच्या तेलापायी फोक्सवॅगनने जगभरातून १६ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या.

तपासायचं कसं? गाडी थंड असताना बघून काय कळणार? अर्धा तास शहरात चालवून इंजिन पूर्ण तापू द्या. मग हलक्या चढावर ब्रेक सोडून गाडीला आपणहून सरकू द्या, ॲक्सिलरेटरला हात न लावता. पहिल्यावरून दुसऱ्यात आणि दुसऱ्यावरून पहिल्यात येताना थरथर, धक्का किंवा टक्‌ असा आवाज आला तर क्लचचं आयुष्य बरंचसं संपलेलं आहे. रिव्हर्स टाकून पुन्हा डी टाका, दोन्ही वेळा गाडी लगेच पकडते का पाहा. विकणारा म्हणेल, ‘डीएसजी असंच असतं.’ असं नसतं. आणि कुणी ‘स्टेज वन’ रिमॅप केलेली, म्हणजे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली गाडी अभिमानाने दाखवत असेल तर तिथूनच मागे फिरा. हा गिअरबॉक्स २५० एनएमच्या हिशोबाने बनलेला आहे.

म्हणून माझा कल २०२० ते २०२२च्या १.० टीएसआय मॅन्युअलकडे आहे. जीटीचा बिल्ला तिच्यावर नाही, बीएस६मधली जीटी ऑटोमॅटिकच होती. पण मॅन्युअल हायलाइन प्लसमध्ये तेच ११० पीएसचं इंजिन आहे आणि सहा गिअर आहेत. त्याच १.० टीएसआयचं भावंड आज चाकणमध्येच बनणाऱ्या फोक्सवॅगनच्या व्हर्टुस, टायगुनमध्ये बसतं, त्यामुळे त्याचे भाग आणि त्याची माहिती असलेले हात अजून बरीच वर्षं मिळतील. बंद पडलेल्या गाडीचे भाग चालू गाडीत असणं यापेक्षा मोठी हमी नाही. एक सावधगिरी: त्याच वर्षांत १.० एमपीआय, टर्बो नसलेली पोलोही विकली गेली. जाहिरातीत नुसतं ‘१.०’ लिहिलं असेल तर आरसीवरून आणि बोनेट उघडून खात्री करा. ऑटोमॅटिकच हवी असेल, तर या वर्षांतल्या पोलोत डीएसजी नाही, टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे जुन्या पद्धतीचा ऑटोमॅटिक आहे. डीएसजीइतकी चपळ नाही, पण ट्रॅफिकमध्ये झोप उडवत नाही.

ऑक्टाव्हिया आरएस २३०: ज्यांना परवडते त्यांच्यासाठीच

इथे थोडक्यात. आरएसमधला डीएसजी सहा गिअरचा आहे आणि त्याचे क्लच तेलात आहेत. म्हणून तो ३५० एनएम पेलतो. साध्या ऑक्टाव्हिया १.८ टीएसआयला १८० पीएस असूनही टॉर्क फक्त २५० एनएम आहे, कारण तिच्यात तोच कोरडा डीक्यू२०० आहे. वरून सारख्या दिसणाऱ्या या दोन गाड्यांत हा फरक सगळ्यात मोठा. पण आरएसच्या गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर दर ६० हजार किमीला बदलावं लागतं, आणि ते केल्याचं बिल दिसत नसेल तर गाडी कितीही चकचकीत असो, नको. टायर १७ इंची, कमी उंचीचे. पावसाळ्यातल्या खड्ड्यात टायर फाटला आणि अलॉय वाकला तर एका संध्याकाळचा खर्च पुंटोच्या वर्षभराच्या सर्व्हिसइतका होऊ शकतो. २०२०ची आरएस २४५ तर फक्त २०० आली होती; ती जपून ठेवणारे विकत नाहीत, आणि विकतात ते भाव मागतात.

मग कुणी काय घ्यावं

घरात एकच गाडी असेल, रोज ऑफिसला तीच जाणार असेल, आई-बाबांना तिच्यातूनच कोल्हापूरला न्यायचं असेल, तर १.० टीएसआय मॅन्युअल पोलो. डोळे मिटून नाही, पण मन शांत ठेवून. घरात दुसरी गाडी आहे, हाताशी फियाटचा गॅरेजवाला आहे आणि शनिवारी पहाटे घाटात जायची ओढ आहे, तर अबार्थ. ती कंपनी गेलेली आहे म्हणून घाबरू नका, ती समजून घेणारा माणूस जवळ नसेल तर घाबरा. १.२ जीटी टीएसआय मी फक्त अशाला सांगेन ज्याच्याकडे गिअरबॉक्सच्या दुरुस्तीचे पैसे वेगळे काढून ठेवलेले आहेत. आरएस २३० ज्याला घ्यायची आहे त्याने गाडीच्या किमतीत आणखी काही पैसे राखीव धरूनच बोली लावावी.

फोर्डचाही विचार येईल मनात. सप्टेंबर २०२१मध्ये फोर्डने भारतातलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं, तरी डिझेल फिगोची शान अजून टिकून आहे: १०० पीएस, २१५ एनएम आणि हलकी बॉडी. पेट्रोल टर्बो हवी म्हणून इकोस्पोर्ट एसच्या १.० इकोबूस्टकडे वळणार असाल, तर त्या इंजिनाचा टायमिंग बेल्ट तेलात फिरतो हे लक्षात ठेवा. तेल बदलण्यात हयगय झालेली गाडी धोक्याची.

पेट्रोलचं एक राहिलं. या सगळ्या गाड्या एप्रिल २०२३च्या आधीच्या, म्हणजे २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलच्या हिशोबाने प्रमाणित न झालेल्या. ऑक्टेन कमी पडणार नाही, पण मायलेज घसरेल आणि जुने रबरी पाइप, सील, फ्युएल पंप यांवर लक्ष ठेवावं लागेल. महिनोन्‌महिने उभी राहणारी शौकाची गाडी असेल तर टाकीत तेच पेट्रोल साठवून ठेवू नका.

आणि कागद. गाडी एमएचची नसेल तर एनओसी, पुन्हा नोंदणी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स धरूनच भाव ठरवा. बंगळूर किंवा दिल्लीहून स्वस्तात दिसलेली गाडी इथे आल्यावर स्वस्त राहत नाही. साधारण पाच वर्षं उलटलेल्या गाडीला बऱ्याच विमा कंपन्या झिरो डेप, म्हणजे भागांची झीज न कापता भरपाई देणारा विमा, द्यायला नाखूश असतात, त्यामुळे टोकन देण्याआधीच त्या गाडीच्या नंबरवर विम्याचं कोटेशन काढा. आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, किती लावतात तेही पाहा, कारण बंद झालेल्या गाडीला चोरीनंतर मिळणारी रक्कम तुमच्या मनातल्या किमतीच्या जवळपासही नसू शकते. सायलेन्सर बदललेला असेल तर मूळचा मागून घ्या. २०१९च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल केलेली गाडी आरटीओत अडकू शकते, आणि पुंटोचा मूळ सायलेन्सर आता नवा शोधायला गेलात तर सहजी हाती लागणार नाही.