जोगिणींच्या मठांतील चित्रे : वाचनालयासाठी घेतलेल्या एका संचाचे परीक्षण

मध्ययुगीन युरोपातील ख्रिस्ती जोगिणींनी काढलेल्या किंवा त्यांच्या मठांत वापरल्या गेलेल्या चित्रांचा एक मराठी संच मोर्शी तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयाने नुकताच टपालाने मागवला. कागद जाड आहे, प्रत्येक चित्रामागे माहिती छापलेली आहे आणि किंमत ग्रामीण वाचनालयाला झेपणारी आहे. चित्रांची निवड तर जाणकार माणसाने केलेली दिसते.

त्या निवडीतले पहिलेच चित्र गुडा हिचे आहे. १२ व्या शतकातील या जोगिणीने एका प्रवचनसंग्रहाची नक्कल करताना मोठ्या आद्याक्षराच्या आत स्वतःला रेखाटले आणि आपण पापी स्त्री असून हे पुस्तक आपणच लिहिले व रंगवले, असे तिथेच नोंदवून ठेवले. नाव मागे ठेवण्याची ही नम्र पण ठाम रीत पाहून मी त्या पानापाशी बराच वेळ थांबलो. आइशश्टेटच्या सेंट वालबुर्ग मठातील, सुमारे १५०० सालची रेखाटनेही संचात आहेत. त्यांपैकी एकात हृदय हेच घर कल्पिले आहे. हात सफाईदार नाही, पण ध्यान करणाऱ्या मनाला जे हवे ते त्यात नेमके आहे.

१२ व्या शतकातील मठप्रमुख जोगीण हेराड हिच्या 'होर्टुस डेलिसियारुम' या ग्रंथाची मूळ प्रत १८७० मध्ये स्ट्रासबुर्गच्या वेढ्यात जळाली आणि आज दिसतात ती त्याआधी उतरवून घेतलेली चित्रे आहेत, हे मागच्या मजकुरात प्रामाणिकपणे सांगितले आहे. जर्मन मठप्रमुख हिल्डेगार्ड (१०९८–११७९) हिच्या 'स्किविआस' या दिव्य दर्शनांच्या ग्रंथाबाबत मात्र ही काळजी घेतलेली नाही. तिच्या रुपर्ट्सबर्ग मठातील मूळ हस्तलिखित १९४५ पासून बेपत्ता आहे, आणि रंगीत चित्रे म्हणून आपण पाहतो ती आयबिंगेन मठातील जोगिणींनी १९२७ ते १९३३ या काळात हाताने केलेल्या प्रतीतली आहेत. संचात त्यांना सरळ '१२ व्या शतकातील मूळ चित्र' म्हटले आहे. ही चूक लहान नाही, कारण तीमुळे विसाव्या शतकातील जोगिणींचे सहा वर्षांचे कष्ट पुसले जातात.

याहून मोठा दोष आकाराचा आहे. १९५३ मध्ये जर्मनीतील वीनहाउझेनच्या मठात, जोगिणी प्रार्थनेला बसत त्या जागेच्या लाकडी फळ्यांखाली चष्मे आणि तळहातात मावतील अशी भक्तिचित्रे सापडली. ती चित्रे भिंतीसाठी नव्हती. जवळ बाळगायची, हातात धरून पाहायची अशीच होती. संचात तीही इतर चित्रांएवढीच मोठी करून छापली आहेत आणि मूळ माप कुठेच दिलेले नाही.

रिद्धपूर जवळ असल्यामुळे काही महानुभाव तपस्विनी हा संच पाहायला आल्या. त्यांच्या पंथात मूर्तिपूजा नाही. श्रीचक्रधरस्वामी आणि श्रीगोविंदप्रभू जिथे वावरले त्या स्थानांना, तिथल्या ओट्यांना त्या नमस्कार करतात. त्यांच्यापैकी एका वयस्क बाईंनी विचारले, "सर, हे चित्र पुजाचं होतं का नुसतं पाहाचं?" संपूर्ण संचात या प्रश्नाचे उत्तर नाही, आणि खरे तर संचाची सुरुवातच तिथून व्हायला हवी होती. मठांत चित्र पाहणे हा प्रार्थनेचाच भाग होता. चित्र नजरेसमोर ठेवून येशूच्या दुःखाशी मन जोडले जाई. आपल्याकडे १३ व्या शतकात महानुभाव कवयित्री महदाइसेने रुक्मिणी-स्वयंवराचे दृश्य धवळ्यांतून, म्हणजे लग्नगीतांतून, गाऊन उभे केले. हा धागा एखाद्या परिच्छेदात जरी आला असता, तरी विदर्भातील वाचकाला ही चित्रे इतकी परकी वाटली नसती.

तरीही इतर वाचनालयांनी आणि शाळांनी हा संच जरूर घ्यावा, असेच मी म्हणेन. मराठीत या विषयावर इतकी चित्रे एकत्र मिळणे दुर्मीळ आहे. घेतल्यावर 'स्किविआस'च्या पानामागे दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवावी आणि वीनहाउझेनची चित्रे टांगण्याऐवजी टेबलावर, वाचकांच्या हाताशी ठेवावीत.