रिफर्बिश्ड 11 केव्ही व्हीसीबी: चौदा महिने वापरून, आणि रिपोर्टातल्या एका रकान्याबद्दल

कोल्हापूरकडच्या आमच्या छोट्या फाउंड्रीत जुना तेलाचा ब्रेकर काढून दुरुस्त केलेला सेकंड-हँड व्हीसीबी (व्हॅक्यूम सर्किट ब्रेकर, फॉल्ट आला की करंट तोडणारा) बसवला. नवा घ्यायला मालक तयार नव्हते, आणि खरं सांगायचं तर मीही नव्हतो. वर्षभर तक्रार शून्य. तेल काढा, गाळा, भरा ही कटकट गेली. तेव्हा लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

मग शटडाऊन आलं. विक्रेत्याचा सर्व्हिसवाला हाय-पॉट किट (जास्त व्होल्टेज चढवून इन्सुलेशन तपासायचं यंत्र) घेऊन हजर. नव्या 12 केव्ही वर्गाच्या (11 केव्हीला हाच वर्ग लागतो) ब्रेकरने एक मिनिट 28 केव्ही सोसायचे असतात. साइटवर त्याच्या 80 टक्के, म्हणजे 22.4 लावतात. आर, वाय, बी अशा तीन फेज; दर फेजला एक बॉटल, म्हणजे हवा काढून सील केलेली नळी, आत उघडमीट करणारे कॉन्टॅक्ट. व्होल्टेज चढवतात ते उघड्या कॉन्टॅक्टवर. आर फेज पास. वाय 17 वर फ्लॅश, म्हणजे ठिणगी. बी 16.4 वर फ्लॅश. "साहेब, दोन बॉटल गेल्या. तिन्हीचा सेटच बदलू." कोटेशन बघून मालकांनी चहा अर्धा ठेवला.

माझं डोकं फिरलं ते रिपोर्टवर. प्रत्येक फेजसमोर आकड्यासाठी एकच रकाना. अहो, साधी तेलाची बीडीव्ही (किती व्होल्टेजला ठिणगी पडते ते) काढताना आपण सहा रीडिंग घेऊन सरासरी काढतो! इथे एका आकड्यावर बॉटल भंगारात?

वीज मंडळातून निवृत्त झालेले एक काका ओळखीचे आहेत. फोनवर पहिलाच प्रश्न, "परत किती वेळा चढवलास?" दुसरा, "बॉटल बाहेरून पुसलीस का?" फाउंड्रीची धूळ, पुसलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी किट भाड्याने आणलं, एसीचंच. डीसीवर चांगली बॉटलही नापास दिसू शकते, असं काका म्हणाले. बघ्यांना तीन मीटर लांब उभं केलं, कारण उघड्या कॉन्टॅक्टवर जास्त व्होल्टेज चढवलं की थोडे एक्स-रे निघतात.

वाय फेज: 17.5, 19, 18.2, 20.6, 22. मग 22.4 वर मिनिटभर गपगार. मी तिथेच पोस्ट लिहायला घेतली होती, सर्व्हिसवाल्याची सालं काढणारी.

काका म्हणाले, "थांब, बी घे." बी फेज: 16.3, 16.5, 16.4, 16.4, 16.5. मला वाटलं, वा, हा तर स्थिर आहे. काका हसले. "अरे, हाच मेलाय."

व्हॅक्यूममध्ये इलेक्ट्रॉनला आपटायला रेणूच नसतात. ठिणगी पडते ती कॉन्टॅक्टवरच्या सूक्ष्म टोकामुळे किंवा सुट्या कणामुळे. फ्लॅश झाला की ते टोक जळतं आणि पुढचा फ्लॅश बहुधा वरच्या व्होल्टेजला होतो. कधी नवा खड्डा पडून आकडा घसरतोही. म्हणून आकडे विखुरतात आणि हळूहळू चढतात. सगळ्यात कच्ची कडी आधी तुटते, तिचा हिशेब संख्याशास्त्रातल्या वायबुलच्या वितरणात बसतो. हवेचं तसं नाही. तिथे त्याच गॅपला आकडे जवळजवळ येतात. इम्पल्स चाचणीत (क्षणभराचा व्होल्टेजचा झटका देऊन) हवेसाठी प्रमाण विचलन 3 टक्के धरतात. आमचा गॅप, म्हणजे उघड्या कॉन्टॅक्टमधलं अंतर, 8 मिमी. तेवढ्या हवेत साधारण 16-17 केव्हीलाच ठिणगी पडायची. म्हणजे बी बॉटलमध्ये हवा भरलेली होती.

इथे माझं मत बदललं. सर्व्हिसवाला निम्मा बरोबर होता, फक्त का ते त्याला सांगता आलं नसतं. 17 आणि 16.4, एकेकच रीडिंग बघितलं तर दोन्ही सारखेच आजारी. आणि खरा राग आता डिलिव्हरीच्या रिपोर्टवर: तेव्हा 10 केव्ही लावून 'ओके' ठोकलं होतं. पूर्ण हवा भरलेली बॉटलही 10 ला पास होते! अर्धवट गळालेली मात्र काहीशे व्होल्टला बसते (पाशेनचा वक्र: दाब आणि गॅपवरून ठिणगीचं व्होल्टेज सांगणारा, हवेचा तळ सुमारे 330 व्होल्ट). म्हणजे तो 'ओके' दिला तेव्हा बी फुटकी होती की नव्हती, कोण सांगणार? कॉन्टॅक्ट जुळलेले असताना करंट मुकाट वाहतो. कळलं असतं ते फॉल्ट तोडताना.

एक बॉटल बदलली, दोन वाचल्या. विक्रेत्याने निम्मे पैसे सोसले, तेही तीन आठवडे भांडून. ब्रेकरला चार स्टार, विक्रेत्याला दीड. पुढच्या शटडाऊनसाठी त्यांच्याच कोऱ्या फॉर्मवर मी पेनाने दर फेजला सहा रकाने आखून ठेवलेत.