चार बोअर, चारही ठिकाणी तेच आकडे

१,१८,००० रुपये. एवढे मोजून मी इमारतीच्या पायासाठी माती परीक्षणाचा खोटा रिपोर्ट विकत घेतला. कोटेशन चार बोअरचं होतं, प्रत्येकी दहा मीटर. प्रत्यक्षात बोअर झाला एक, तोही पावणेचार मीटरवर थांबला. बाकीचे तीन कन्सल्टंट साहेबांनी ऑफिसात बसून मारले.

ॲडव्हान्स घ्यायचा, यंत्र उभं करून फोटो काढायचे, जुन्या फाइलमधला तक्ता नाव बदलून चिकटवायचा. ही तऱ्हा तुम्हाला माहीत असेलच. पण माझ्या प्लॉटसारख्या चुनखडीच्या जमिनीवर तिचे परिणाम भयंकर असतात.

“खडक लागला, आता खाली जायची गरज नाही,” असं मला सांगितलं. एसपीटीत, म्हणजे जमीन किती घट्ट ते ठोक्यांनी बघायच्या चाचणीत, ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून सोडतात. पहिल्या १५ सेंटिमीटरचे ठोके सोडून पुढच्या ३० सेंटिमीटरना लागलेले ठोके म्हणजे एन व्हॅल्यू. ५० ठोके घालूनही सॅम्पलर (मातीचा नमुना घेणारी नळी) १५ सेंटिमीटर उतरला नाही की रिफ्युजल. इथपर्यंत ठीक. पण चुनखडीत रिफ्युजल म्हणजे सलग खडक असं कुणी सांगितलं? खाली सुटा धोंडा असेल, वर आलेला सुळका असेल, नाहीतर पोकळीचं पातळ छत. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन भेगांत शिरतं आणि दगड विरघळवत राहतं. एका बोअरला तीन मीटरवर लागलेला खडक शेजारच्या बोअरला दहा मीटरवरही लागत नाही. रिफ्युजलनंतर निदान पाच मीटर कोअर (खडकाचा दंडगोल नमुना) काढायला लावा, आणि ते आधीच लिहून घ्या.

आता तो तक्ता. एन व्हॅल्यू ८, १३, १९, २७. दुसऱ्या बोअरला ८, १३, १९, २७. तिसऱ्याला तेच, चौथ्यालाही. पाण्याची पातळीसुद्धा सगळीकडे २.१ मीटर! आकडे खोलीबरोबर छान चढताना बघून मला हायसं वाटलं होतं, हे आठवलं की आजही अंगाची लाही होते. चुनखडीत बऱ्याचदा उलटं घडतं. खडकाच्या लगतची चिकणमाती सगळ्यांत ओली आणि मऊ असते, एन दोन-तीनवर येतो, कधी रॉड स्वतःच्या वजनानेच खाली जातो. आणि कोअरचा फोटो? काळा दगड, बारीक छिद्रं, छिद्रांत पांढरे खडे. अहो, तो बेसॉल्ट, चुनखडी नव्हेच! चुनखडीवर सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाकला की फसफसते. कोअर बॉक्स ताब्यात घ्या, फोटोवर भागवू नका.

डोळे कुठे होते, असं विचारणाऱ्यांना माझा एकच प्रश्न: रक्ताच्या रिपोर्टातले आकडे तुम्ही घरी तपासून बघता का? खाली सही होती, शिक्का होता.

पायाचा एक कोपरा खणताना जमीन आत बसली. दुसऱ्या कन्सल्टंटने १,९६,५०० घेतले, पण काम केलं. एका बोअरला ६.२ मीटरवर रॉड एकदम १.४ मीटर खाली गेला आणि ड्रिलिंगचं पाणी परत येईना. रॉड असा पडणं आणि पाणी गायब होणं ही पोकळीची खूण. लॉगमध्ये, म्हणजे बोअर मारताना लिहिलेल्या नोंदींत, ते आलंय का, ते बघा. ग्राउटिंग (पोकळीत सिमेंटचं मिश्रण भरणं) आणि नवीन पाया, आणखी ५,४२,०००. एकूण ८,५६,५००.

तक्रारीचं म्हणाल तर पोलीस म्हणाले, दिवाणी प्रकरण आहे. परवानगी देणाऱ्या कार्यालयात गेलो, तर “रिपोर्ट जोडलाय की नाही एवढंच आम्ही बघतो.” चारही तक्ते शेजारी शेजारी ठेवून दाखवले. साहेबांनी चष्मा लावला, पानं मोजली, “पूर्ण आहेत की,” म्हणाले! मग कोणी तपासायचं? लॅबला मान्यता देणारे म्हणतात, मान्यता चाचण्यांना असते, साइटवर काय झालं ते आमच्याकडे येत नाही. तिथून लेखी अर्ज करा, अर्जाला पोच नाही, पोच मागितली तर संबंधित रजेवर. इमारत उभी राहून खचली असती तर मात्र हेच सगळे पंचनाम्याला धावले असते.

हातोडा पडत असताना तुमचा माणूस तिथे उभा करा आणि ठोके त्याला मोजू द्या. शेवटचा हप्ता रोखून ठेवा. मी सगळे आधीच दिले होते, कारण “रिपोर्ट लवकर मिळेल.” लवकर मिळाला खरा.

आता पोलीस म्हणतात, मूळ सहीची प्रत आणा, मग बघू. ती द्यायचे तो खोटा रिपोर्टवाला १,५०० रुपये मागतोय.