घरबसल्या कामाची ऑफर आणि घरातलं आजारपण: माझी फसवणूक कशी झाली

घरात कॅन्सरचा पेशंट आहे, नोकरीही टिकवायची आहे आणि पैसे पुरत नाहीत, अशा अवस्थेत जे कोणी असतील त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. 'घरबसल्या, तुमच्या सवडीने काम' असा मेसेज आला आणि सुरुवातीचे थोडे पैसे खरोखर खात्यात जमा झाले, तरी त्या कामावर विश्वास ठेवू नका. ते पैसे मिळाले म्हणूनच मी पुढे अडकत गेले.

माझ्या नवऱ्याला लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कॅन्सर झाला. त्याची केमो २१ दिवसांच्या चक्राने चालायची. ज्यांनी हे पाहिलंय त्यांना माहीत असेल, हे २१ दिवस सारखे नसतात. पहिले पाच दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या असतात, तेव्हा पेशंटला रात्र रात्र झोप नाही. त्या बंद झाल्या की अंगातलं त्राणच जातं. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत खाली येतात. तेव्हा ३८ अंश सेल्सिअस ताप आला तरी उद्यावर ढकलता येत नाही, तडक हॉस्पिटल गाठावं लागतं. तिसरा आठवडा जरा बरा जातो, आणि तोवर पुढची केमो येऊन ठेपते. नोकरी करणाऱ्या माणसाने या चक्रात कामाचे तास कुठे बसवायचे? मी बिनपगारी रजा घेतल्या, मग कामाचे तास कमी करून घेतले. त्याचा पगार थांबला होता, माझा अर्ध्यावर आला होता. केमोच्या बिलाचा अंदाज तरी आधी मिळतो. पेशी वाढवण्याची इंजेक्शनं, मधल्या तपासण्या, तापासाठी अचानक भरती होणं, येण्याजाण्याचा खर्च, यांचा हिशेब आधी कोणी मांडून देत नाही.

अशा वेळी तो मेसेज आला. मोबाईलवरून करायचं काम, दिवसाकाठी तासभर, वेळ आपण ठरवायची. एका ॲपमध्ये वस्तूंना रेटिंग द्यायचं आणि प्रत्येक रेटिंगमागे कमिशन. शिकवायला एक बाई नेमलेली होती, ती स्वतःला 'मार्गदर्शक' म्हणवायची. तिने पहिल्याच दिवशी मला कोणत्या वेळेत मोकळीक असते ते विचारलं आणि मी सगळं सांगितलं. पेशंटच्या उशाशी बसून, सलाईन चालू असताना करता येईल असं काम मला दुसरीकडे कुठेच मिळालं नव्हतं.

पहिली कमाई मी काढून घेतली, ती खात्यात आली. त्या पैशांतून औषधं आणली. मग एक दिवस कामांच्या यादीत एक 'कॉम्बो टास्क' आला. त्याचं कमिशन कितीतरी जास्त, पण तो उघडला की खात्यातली शिल्लक उणे दिसू लागते. ती भरून काढायला आपल्या खिशातले पैसे टाकायचे, म्हणजे सगळं कमिशनसकट परत मिळणार. मी भरले. लगेच पुढचा कॉम्बो आला, आधीपेक्षा मोठा. मधेच सोडलं तर आधीचेही अडकणार. स्क्रीनवर माझ्या नावापुढचा आकडा वाढत होता, पण काढायला गेलं की 'संच पूर्ण करा', म्हणजे दिलेली सगळी कामं आधी संपवा, एवढंच उत्तर यायचं. सोबत एक ग्रुप होता. त्यात लोक रोज आपल्याला मिळालेल्या पैशांचे फोटो टाकायचे आणि एकमेकांना धीर द्यायचे. ती सगळी त्यांचीच माणसं होती.

मला सर्वांत जास्त संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. त्या बाईला आमच्या घरातलं सगळं माहीत झालं होतं. 'ताई, आज दादांचा ताप कसा आहे?' असं विचारून मग ती मुदतीवर यायची. नवऱ्याला ताप चढला म्हणून आम्ही तातडीच्या विभागात होतो. त्याच्या हाताला अँटिबायोटिकची सुई लावत होते आणि माझ्या मोबाईलवर तिचे मेसेज येत होते: मध्यरात्रीपर्यंत भरलं नाही तर खातं गोठेल, दादांच्या उपचाराचे पैसे कशाला बुडवता? मी तिथल्या बाकावर बसून पुढच्या केमोसाठी बाजूला काढलेली रक्कम पाठवली. शेवटी सगळे संच पूर्ण झाले, तेव्हा पैसे काढण्याआधी 'कर' भरायला सांगितलं. खरा कर मिळालेल्या पैशांतून कापता येतो. आपलेच पैसे सोडवायला आधी आणखी पैसे मागतात, तिथे ते परत मिळण्याची शक्यता संपलेली असते.

ही सगळी घडी जगभर एकाच साच्यात चालते. अमेरिकेत ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेकडे २०२० मध्ये या प्रकारच्या 'टास्क'च्या फसवणुकीची एकही तक्रार नव्हती. २०२३ मध्ये सुमारे ५,००० तक्रारी आल्या आणि २०२४ च्या पहिल्या सहा महिन्यांतच सुमारे २०,०००. ज्यांनी तक्रारच केली नाही, ते यात धरलेले नाहीत. हे ठग मुद्दाम पेशंटची घरं हुडकतात का, हे मी सांगू शकणार नाही. पण आपल्यासारख्यांवर त्यांचा डाव लवकर लागतो हे मी अनुभवलंय. आपल्याकडे चौकशीला वेळ नसतो, झोप झालेली नसते, आणि आजारी माणसाला घोर नको म्हणून आपण पैशांचं त्याला काही सांगत नाही. ती बाई मला वारंवार म्हणायची, 'दादांना आत्ताच सांगू नका, पैसे आले की आनंदाने सांगा.' कोणतंही काम देणारा माणूस घरच्यांपासून लपवायला सांगत असेल, तर दुसरी कुठलीही खूण शोधत बसू नका.

नवऱ्याला मी सांगितलं तेव्हा त्याने आधी बँकेला फोन लावायला लावला. तेच बरोबर होतं. पैसे गेल्यावर पहिले काही तास मोलाचे असतात, कारण रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात पटापट फिरवली जाते. शेवटची रक्कम बँकेला अडवता आली, आधीच्या गेल्या त्या गेल्या. मग पोलिसांत तक्रार. रागाच्या भरात मी ते चॅट उडवणार होते. कृपा करून तसं करू नका. मेसेज, खाते क्रमांक, व्यवहारांचे क्रमांक, ॲपचे फोटो, सगळं जपून ठेवा, तक्रारीला तेच लागतं. तेच पासवर्ड दुसरीकडे वापरले असतील तर बदला. ओळखपत्राची प्रत पाठवली असेल तर तेही तक्रारीत लिहा.

आता पैशांचं. पुढची केमो चुकली नाही. हॉस्पिटलमधल्या समाजसेवा विभागात मी कधी गेलेच नव्हते. तिथल्या बाईंनी बिलाचे हप्ते पाडून घेतले, मदतनिधीचे अर्ज भरून दिले आणि त्यासाठी एक पैसाही मागितला नाही. ऑफिसात मी २१ दिवसांचं ते वेळापत्रक कागदावर काढून साहेबांसमोर ठेवलं: हे दिवस मी येऊ शकत नाही, हे दिवस घरून करीन, तिसऱ्या आठवड्यात पूर्णवेळ. आधी मी नुसती 'रजा हवी' म्हणायचे, तेव्हा ते वैतागायचे. तारखा समोर आल्यावर त्यांनाही कामं वाटता आली. उपचार सुरू होण्याआधीच तुमच्या डॉक्टरांकडून असं वेळापत्रक लिहून घ्या आणि ऑफिसात दाखवा. घरचे हिशेब आता नवरा पाहतो. पडल्या पडल्या त्याला ते जमतं, आणि आपल्याला कोणी वगळलं नाही याचं त्याला बरं वाटतं.

एक शेवटचं. तक्रारीनंतर थोड्याच काळात मला एका 'वकिलाचा' मेसेज आला. तुमचे बुडालेले पैसे आम्ही मिळवून देतो, फक्त नोंदणीची फी भरा. माझी किती रक्कम गेली, हे त्याला नेमकं ठाऊक होतं. एकदा फसलेल्यांच्या याद्या हे लोक एकमेकांना विकतात. खरी बँक किंवा पोलीस, पैसे परत मिळवून देण्यासाठी आधी फी मागत नाहीत. असा मेसेज आला तर उत्तर देऊ नका. तो नंबर आपल्या आधीच्या तक्रारीला जोडून द्या.